पाठीवर तीन किलो

शिवणकाम करणाऱ्या बाईनं कार्तिकीची वारी धरायची म्हणजे पंचाईत. आमची दिंडी बेळगावातून निघते दिवाळीच्या पाडव्याला. दशमीला पंढरपूर गाठायचं, म्हणजे दहा दिवसांत अडीचशेच्या आसपास किलोमीटर. आणि वडगावातल्या माझ्या दुकानात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत बायका उभ्या असतात: "वहिनी, हुक तेवढं लावून द्या, मी थांबते." त्यामुळं गेल्या वर्षी वारीची तयारी मी केली ती रात्री अकरानंतर, दिवसभराचे ब्लाउज हातावेगळे झाल्यावर.

वारी खरं तर सासूबाईंची. एकोणीस वर्षं त्या चालल्या. विसाव्या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटलं. घरातली वारी मोडायची नाही म्हणून कुणीतरी जायला हवं होतं. नवऱ्यानं दुकानाकडं बघितलं, मुलानं मोबाईलकडं. मग मीच म्हटलं, जाते.

पुण्याच्या भाच्याला कळलं तसं त्यानं ट्रेकिंगवाल्यांची भली मोठी यादी पाठवली. चाळीस लिटरची सॅक, स्लीपिंग बॅग, फोमची चटई, चालायच्या दोन काठ्या, झटकन वाळणारी पँट. मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी शेंगा फोडता फोडता ऐकून घेतली.

"एवढं सगळं घेऊन कुठं जाऊलीस? अंथरूण-पांघरूण ट्रकात जातंय. पहाटे चारला ट्रकात टाकलेलं सामान संध्याकाळी पाचला हातात येतंय. मधल्या वेळेला पाठीवर काय पाहिजे तेवढं सांग मला."

पुढचा सगळा विचार मी या एका प्रश्नावर केला. आमच्या दिंडीत साठ-पासष्ट माणसं. ट्रक पुढच्या मुक्कामाला जातो, स्वयंपाकाचा टेम्पो दुपारच्या विसाव्याला. म्हणजे वळकटी, जादा साड्या, ताट-वाटी ट्रकात. पाठीवर फक्त तेरा तासांचा संसार.

तरीही पहिल्यांदा भरलेली पिशवी मी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली तर 6 किलो 400 ग्रॅम. तो म्हणाला, "वहिनी, पेपर भरलेत काय?" स्टीलची बाटली, स्टीलचा डबा, जाड टॉवेल, तेलाची अख्खी बाटली, पॉवर बँक, शाल, स्वेटर. स्टीलच्या बाटलीच्या जागी थंड पेयाची रिकामी एक लिटरची बाटली घेतली तिथंच पाव किलो उतरलं. टॉवेलच्या जागी मलमलीचा पंचा. तेल औषधाच्या छोट्या बाटलीत. शाल ट्रकात. असं करत करत पाण्यासकट तीन किलोवर आणलं. रद्दीवाल्यानं चार दिवसांत तीनदा फुकट वजन करून दिलं, त्याचा ब्लाउज नसतो हे माझं नशीब.

पिशवीवर मात्र माझा बराच वेळ गेला, कारण तिथं माझं चालतं. भाच्यानं आपली सॅक दिली होती आणि सॅक चांगलीच होती, पण ती पँटवाल्यांसाठी. तिचा कमरेचा पट्टा बरोबर निऱ्यांच्या खोचणीवर येतो. दोन तास चाललं की निऱ्या ढिल्या. शिवाय खांद्याच्या पट्ट्याखाली पदर अडकला की मान एका बाजूला ओढल्यासारखी होते. सहावारीत चालणाऱ्या बाईचं माप घेऊन कुणी सॅक शिवलेलीच नाही. म्हणून मी शिवली. कापड मोडक्या छत्र्यांचं. हलकं, पाणी धरत नाही आणि फुकट. दोन छत्र्यांच्या पाकळ्या उसवून, उभा-आडवा धागा बघून जोडल्या. चेन लावली नाही. चेनचा रनर निसटला तर रस्त्यात कोण बसवणार? नाडी ओवली आणि वरून झाकणाला पलटा दिला.

पट्टे आधी नायलॉनच्या इंचभर पट्टीचे लावले. ती पिशवी घेऊन वडगावातून येळ्ळूरपर्यंत गेले तेवढ्यात दोन्ही खांद्यांवर लाल वळ. घरी येऊन उसवलं आणि खाटेची दोन इंची सुती नवार लावली. खाली मऊ काहीतरी हवं होतं. पॅडच्या ब्लाउजला लावायचे कप दुकानात उरलेले होते. ते दोन-दोन एकावर एक ठेवून खांद्याच्या जागी टीप मारली. दिंडीतल्या बायकांना हे सहाव्या दिवशी कळलं, तेव्हा हरिपाठाला उभ्या राहूनसुद्धा आमच्या ओळीतलं हसू थांबेना.

आता पायांचं. आमच्या घरात अथणीच्या चपलांचा अभिमान आहे, मामंजींनी आयुष्यभर त्याच घातल्या. कोल्हापुरी म्हणून बाजारात मिळणाऱ्या कितीतरी जोड्या आमच्या जिल्ह्यातल्या अथणीत बनतात. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहेच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं एरंडेल पाजत पाजत पायाचं होतं. शेताच्या बांधावर, गावातल्या गावात तिच्यासारखं पायताण नाही. पण डांबरी रस्त्यावर दिवसाला पंचवीस किलोमीटर, तेही दहा दिवस? आमचे विणेकरी तात्या चालतात, खाली टायरचा तळ मारून घेतलेल्या जोडीत. त्यांच्या टाचा मी बघितल्यात, त्याही टायरच्याच आहेत. माझ्या नव्हेत. सासूबाई साध्या स्लीपरवर एकोणीस वर्षं गेल्या आणि त्यांचे गुडघे आता काय म्हणतात तेही मी रोज ऐकते.

म्हणून बूट. साडीखाली बूट घालायची लाज मला दुकानात शिरेपर्यंत होती. खडेबाजारात संध्याकाळी सात वाजता गेले, दिवसभर पायमशीन मारून पाय सुजलेले असताना. हे मुद्दाम केलं. सकाळच्या पायावर माप घेतलं तर दुपारी बूट चावणारच. माझा नंबर पाच, मी सहा मागितला. पोरगा म्हणाला, "आक्का, ढिला होईल." मी त्याला सांगितलं, तू पुढचं बोट बघ, बोटापुढं माझा अंगठा मावला पाहिजे. उतारावर पाय पुढं सरकतो आणि नखं बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. त्यासाठी नाडी शेवटच्या भोकातून घेऊन घोट्यापाशी आवळायची. ब्लाउजला मुंढ्यात सैल आणि छातीला नीट हवं असतं, तसंच हे. 1,150 रुपये गेले. त्याच्या दुप्पट किमतीचा जोडही दाखवला होता त्यानं. तो घालून दुकानाच्या फरशीवर मी दहा मिनिटं फेऱ्या मारल्या, टाचेला वरची कड टोचत होती, ठेवून दिला.

बूट घेतले नवरात्रात, म्हणजे निघायच्या महिनाभर आधी. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तासभर, आणि दोन रविवार राजहंसगड. येळ्ळूरमार्गे जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर होतात आणि गडाचा चढ-उतार बुटाची सगळी लबाडी बाहेर काढतो. पहिल्या रविवारी उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला. बूट बरोबर होता, मोजे चुकले होते. मी जाड सुती मोजे घेतले होते, सूत म्हणजे चांगलं या हिशोबानं. पण सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. ओलसर कातडी, त्यात उष्णता, त्यात घासणं, फोड यायला आणखी काय लागतं? रोज कापड हातात घेणाऱ्या बाईला हे कळायला वीस किलोमीटर लागले. मग पातळ, पॉलिस्टर मिसळलेले तीन जोड घेतले. एक पायात, एक पिशवीला पिनेनं लावून वाळत, एक ट्रकात.

दुसऱ्या रविवारी दुसरंच दुखणं. मांड्या. याबद्दल पुरुष बोलत नाहीत कारण त्यांना फारसं होत नाही, आणि बायका बोलत नाहीत कारण बायका आहेत. परकराखाली मांडीला मांडी घासून गडावरून उतरताना मी बदकासारखी चालत होते. नऊवारीवाल्यांचा कासोटा असतो, त्यांची सुटका होते. मी होजिअरीच्या कापडाच्या गुडघ्यापर्यंतच्या तीन चड्ड्या शिवल्या, मांडीच्या आतल्या बाजूला शिवण येणारच नाही अशा बेतानं. आसनाला चौकोनी तुकडा जोडला की शिवण पुढं-मागं सरकते. वरून खोबरेल. दहा दिवस एक ओरखडा नाही. पाठीवरच्या सगळ्या सामानात मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी या चड्ड्या म्हणेन, आणि नेमक्या त्या पाठीवर नव्हत्याच.

साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमच्याकडं ऊसतोडीला, भांगलणीला बायका असाच घालतात. ऊन लागत नाही, पहाटेची थंडी अडते, आणि मुख्य म्हणजे खिसा. मोबाईल, वीस-पन्नासच्या नोटा, रुमाल. बायकांच्या कपड्याला खिसा ठेवायचा नाही हे कुणी ठरवलं कोण जाणे. मीही वीस वर्षं बिनखिशाचे पंजाबी ड्रेस शिवत आले, त्यामुळं फार बोलत नाही.

शर्टाच्या पाठीला आणि पिशवीला रेडियमची पट्टी शिवली. हे सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं. कार्तिकात साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात रस्त्यावर असतात. त्यांच्या ट्रॉलीबाहेर आलेला ऊस रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्याला झोडपून जातो, आणि ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या गाण्यापुढं आपला टाळही ऐकू येत नाही. नुसतं शिवून भागलं नाही. शर्टावरची पट्टी पिशवीखाली झाकली जाते हे मला पहिल्या दिवशी काकतीपाशी मागून येणाऱ्या एका माउलींनी सांगितलं. पिशवीवरची तेवढी कामाला आली.

एक गोष्ट मी कुठल्याच यादीत बघितली नव्हती. आंघोळ. पहाटे तीनला शेतातल्या मोटारीच्या पाण्यावर, नाहीतर टँकरच्या नळाखाली पन्नास बायका, आडोशाला एक साडी धरलेली. अंगावरच्या ओल्या साडीतून कोरड्या साडीत जायची जी कसरत असते ती सासूबाईंच्या तोंडून ऐकूनच मला धडकी भरली होती. दुकानात फिकट रंगाच्या पॉपलिनचं कापड पडून होतं. त्याचा मी झगा शिवला. घोट्यापर्यंत, बाह्या नाहीत, गळ्याला इलॅस्टिक, घेर भरपूर. तो गळ्यात अडकवायचा, हात आत घ्यायचे, आतल्या आत सगळं बदलायचं, आत राहूनच पाणी घ्यायचं. एखाद्या तंबूतून डोकं बाहेर काढल्यासारखं दिसतं. वजन केलं तर पाव किलोच्या आत. पहिला शिवला तो कॉलरचा, पुढं बटणं. घालून बघितला आणि लगेच उसवला, थंडीनं बोटं आखडली असताना बटणं कोण लावणार?

औषधांचं थोडक्यात सांगते. कापडी चिकटपट्टी, छोटी कात्री, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, ओआरएसची मोठी पाकिटं. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत कडक करून प्यायचं नसतं. पाळीचं वय अजून सरलेलं नाही, म्हणून पॅड आणि जुने पेपर. शेंगदाण्याचे लाडू मी केले होते, पण रस्त्यात लोक इतकं खायला घालतात की ते मिरजेपर्यंत तसेच होते.

बॅटरी घेतली नव्हती. मोबाईलला आहे की, असं म्हणून. दुसऱ्याच पहाटे वंटमुरीच्या घाटात एका हातात मोबाईल, एका हातात निऱ्या, डोक्यावर तुळस. सासूबाईंनी सोडलेलं वृंदावन माझ्याकडं आलं होतं. त्याखाली चुंबळ मी चांगली वळली होती, पण तोल सांभाळायला एक हात लागतोच आणि मला तिसरा नव्हता. दुसरा दिवस भाऊबीज. भाऊ संकेश्वरचा. त्यानं फोन केला, हत्तरगीला मुक्कामावर येतो, ओवाळून घेतो, साडी कुठली आणू? मी म्हटलं, साडी नको, कपाळाला बांधायची बॅटरी आण, शेतात रात्री पाणी पाजायला लावतोस तसली. तो आला. ट्रकाच्या फाळक्यावर बसवून ओवाळलं आणि त्यानं तबकात बॅटरी ठेवली. तात्या बघत होते. "आयुष्यात पहिल्यांदा बघितली असली ओवाळणी," म्हणाले. पुढचे आठ दिवस तीच बॅटरी मागून घेऊन त्यांनी पहाटेची काकड आरती वाचली.

फोड शेवटी आलाच, चौथ्या दिवशी, चिकोडीच्या अलीकडं. डाव्या पायाच्या मधल्या बोटांवर. चूक माझीच आणि तीही माझ्या धंद्यातली. मोज्याच्या टोकाची शिवण आतून उंचवट्यासारखी असते. बुटाच्या टोकाकडं ती बोटांवर बसली होती. रस्त्याकडेच्या घरासमोर मी वाकून बूट काढत होते तर आतून एक आजी आल्या. "बर्री, कुंड्री, नीर कुडीरी," म्हणजे या, बसा, पाणी प्या, असं म्हणत त्यांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली. माझं कन्नड दुकानापुरतं, मापं आणि पैसे, पण पाय दाखवायला भाषा कशाला? त्यांनी सुई-दोरा आणला. फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवायचा हा जुना उपाय, आमच्या दिंडीतही करतात. मी हात जोडून नको म्हटलं. दोऱ्यावाटे घाण आत जाते, हे मला आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. कातडी न फाडता वर चिकटपट्टी लावली आणि मोजा उलटा करून घातला, शिवण बाहेरच्या बाजूला. त्यानंतर रोज मोजे उलटेच. आजींना त्याचं इतकं नवल वाटलं की त्यांनी सुनेला हाक मारून दाखवलं.

अंकलीत मुक्काम होता. आळंदीच्या माउलींच्या पालखीसोबत चालणारे शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी याच गावातून चालत आळंदीला जातात, हे आमच्या भागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. संध्याकाळी पारावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी माझ्या बुटांकडं बघितलं, साडीकडं बघितलं. मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं. ते म्हणाले, "बरं केलंस बाई. घोड्यालाबी नाल मारूनच पाठिवतो आम्ही."

कृष्णेचा पूल ओलांडून कागवाडकडं जाताना अवकाळी पावसानं गाठलं. छत्री मी आणली नव्हती. आणलेल्या होत्या त्या दोन्ही पिशवी होऊन पाठीवर होत्या. पण सासूबाईंनी बळंच दिलेला प्लास्टिकचा कागद होता. डोक्यावरून घेतला की इरलं, खाली टाकला की बसकर. पिशवी आतून कोरडी राहिली हे सांगायला मला आवडलं असतं. छत्रीच्या कापडातून पाणी आलं नाही, पण पाकळ्या जोडल्या तिथल्या शिवणींच्या भोकांतून झिरपलं. मेणबत्ती घासायला हवी होती शिवणींवर, रेनकोट दुरुस्त करताना मी स्वतः करते ते काम. राहिलं.

म्हैसाळपासून पाट्या मराठी झाल्या आणि मिरज मागं पडल्यावर झाडं विरळ. नागज, जुनोनीकडचा मोकळा माळ. दिवसा ऊन आणि पहाटे अशी थंडी की बोटं टाळ धरेनात. ट्रकात टाकलेली शाल पहाटे चारला पुन्हा ट्रकातच जाते, हा घोळ माझ्या तेव्हा लक्षात आला. स्वेटर घरी राहिला होता. शर्टावर पंचा, पंचावर प्लास्टिकचा कागद असं गुंडाळून चालले. पुढच्या खेपेला कानटोपी आणि पातळ स्वेटर, मग वजन वाढलं तरी चालेल.

मुक्कामावर वळकटी शोधायची गंमत वेगळी. साठ वळकट्या, सगळ्या त्याच चॉकलेटी सतरंजीच्या, सगळ्यांवर तीच सुतळी. माझ्या वळकटीला मी पोपटी साटीनची मोठी कळी टाचली होती. अंधारात चमकायची. तिसऱ्या दिवसापासून बायका "पोपटी कळीच्या उजवीकडची माझी" असं सांगून आपापली ओळखायला लागल्या.

सांगोल्याच्या मुक्कामात झग्याचा विषय निघाला. रोज पहाटे बघत होत्याच. एकीनं घालून बघितला, मग दुसरीनं. मी वही आणलेली नव्हती, भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून घेतली. दशमीला पंढरपुरात 65 एकरच्या तळावर पोहोचलो तेव्हा चंद्रभागेवर जायच्या गडबडीतसुद्धा आणखी दोघी आल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी तुळस बघितली, मग माझे पाय. मग पिशवी उलटी करून खांद्याचे पट्टे चाचपले. "हे मऊ काय घातलीस ग?" मी सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून उठून आत गेल्या.

आता माघीच्या आत सात झगे द्यायचे आहेत. माप कुणाचंच घ्यावं लागत नाही, पण सातजणींना सात रंग हवेत. आणि तात्यांच्या घरच्या मंडळींना झग्यालाही खिसा पाहिजे.